घंगाळावरची अर्धी ओळ

दारूच्या पाशातून मनुष्य सुटतो तो केवळ आत्मबळाच्या जोरावर. तेथे ना मित्र उपयोगी पडतो, ना वैद्य. हे वाक्य माझं नाही. ते माझ्या शपथपत्रावर तांबड्या शाईत छापलेलं आहे. भोवती वेलबुट्टी आहे आणि खाली मद्यनिषेध मंडळाच्या अध्यक्षांची सही. वाक्य मला पटलं होतं आणि त्याच्या भरवशावर मी दारू सोडलीही होती. तीन दिवस.

त्या काळी मी नाशकात एका हायस्कुलात इंग्रजी आणि इतिहास शिकवत असे. आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर माझे मित्र. संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही दोघं पूल ओलांडून पंचवटीपलीकडच्या गुत्त्यात जात असू. सत्याग्रहाच्या दिवसांत गुत्त्यापुढे स्वयंसेवक हात जोडून उभे राहत, म्हणून आम्ही मागच्या दाराने जाऊ लागलो. पुढे ते तुरुंगात गेले आणि पुढचं दार मोकळं झालं, पण तोवर आम्हाला मागच्या दाराची सवय लागली होती.

माझ्या या मित्राच्या हातात एक विद्या होती. कंपासशिवाय तो अचूक वर्तुळ काढी. फळ्यावर खडूने काढी, आणि गुत्त्यात बाकावर सांडलेल्या दारूत बोटाने काढी. किती प्यायला आहे ते त्याच्या चालण्यावरून कळे, बोलण्यावरून कळे. वर्तुळावरून कधी कळलं नाही. त्याचं सगळं बिघडत गेलं, वर्तुळ तेवढं शेवटपर्यंत नीट राहिलं.

पौषातली थंडी होती. परत येताना तो घाटाच्या एका पायरीवर बसला. दिवेलागण नुकतीच होऊन गेली होती. मी म्हटलं, "ऊठ लेका, गारठशील."

"तू हो पुढे," तो म्हणाला, "मी आलोच."

मी पुढे झालो. थंडी होती, मला घरी पोचायचं होतं, आणि तो असं रोजच कुठे ना कुठे बसत असे. मागे वळून पाहावं असं काही त्यात नव्हतं. सकाळी तो त्याच पायरीखाली सापडला. पाणी गुडघाभर होतं.

फौजदारांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की आम्ही गुत्त्याच्या दारातच वेगळे झालो. त्याच्या आईलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "तू बरोबर असतास तर असं झालं नसतं रे." मी मान हलवली.

शाळेत शोकसभा झाली. हेडमास्तरांनी सांगितलं की कलेचे हे निस्सीम उपासक पहाटेच्या गंगास्नानास गेले असता त्यांना देवाज्ञा झाली. त्याने आयुष्यात पहाट पाहिली नव्हती. पण सभेतल्या पुष्कळांचे डोळे ओले झाले, तेव्हा मी गप्प राहिलो. गप्प राहण्यात मी तोवर तरबेज झालो होतो.

तेराव्याच्या संध्याकाळी मी खिडकीशी बसून मुलांच्या वह्या तपासत होतो. गल्लीतून आवाज आला: "आलोच." शेवटचं अक्षर किंचित लांबवलेलं, जसं तो लांबवत असे. मी खिडकीतून वाकून पाहिलं. गल्लीत एक गाय होती.

मी बायकोला विचारलं, "कोणी हाक मारली का?"

"दूधवाला असेल," ती म्हणाली. दूधवाला सकाळी येत असे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आवाज आला, तिसऱ्या दिवशीही आला. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे. इंग्रजीतली बुद्धिवादाची पुस्तकं कपाटात होती, ती सगळी वाचलेली होती, आणि एकातही दिवेलागणीला काय करावं हे लिहिलेलं नव्हतं. प्यालो की आवाज येत नसे. म्हणून मी एकटा पिऊ लागलो, पूर्वीपेक्षा जास्त. दहा महिन्यांत हात असा कापू लागला की फळ्यावर काढलेली पानिपतची रणभूमी मुलांना समुद्र वाटली. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की पुढच्या सत्रापर्यंत प्रकृती सुधारली नाही तर त्यांचा नाइलाज होईल.

प्रकृती सुधारायला मी मद्यनिषेध मंडळाच्या सभेला गेलो. अध्यक्ष एक रावसाहेब होते. सरकारने त्यांना ही पदवी कशाबद्दल दिली ते कोणाला ठाऊक नव्हतं. विचारण्याइतकं धाडस असलेले लोक तुरुंगात होते. रावसाहेबांनी दीड तास भाषण केलं. वेदकाळापासून सुरुवात केली आणि सव्वा तासाने मोगलाईत पोचले. व्यासपीठावर चांदीच्या कलशात गंगेचं पाणी होतं. एकेकाने पुढे जायचं, ओंजळीत पाणी घ्यायचं, शपथ म्हणायची, पाणी सोडायचं आणि चौकटीत बसवलेलं शपथपत्र घ्यायचं. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगेचं पाणी हातात घेऊन खोटं बोललं की वंश बुडतो असंही म्हणतात. यावर ज्यांचा विश्वास होता ते आले नव्हते.

माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. हातांना तांब्याचा हिरवट डाग, भुवया जळलेल्या. तो माझ्याकडे वळून कुजबुजला. त्याची कुजबुज पुढच्या तीन रांगांनी मागे वळून ऐकली.

"कितव्यांदा, मास्तर?"

"पहिल्यांदा."

"माझी चौथी. गंगेला माझं त्वांड पाठ झालं आसंल." मग त्याने व्यासपीठाकडे हनुवटी उडवली. "ह्यांच्या मिशा लय मोठ्या. येक अक्षर कळलं नाय मला."

मला वाटलं, म्हातारा खवचट आहे. मला तो आवडला.

परतताना त्याने मला दारात गाठलं. "शपथ मोडली की या. तांबट आळीत शेवटचा कारखाना. दिवे लागायच्या आधी यायचं, नंतर नाय."

"तिथे काय असतं?"

"हातोडी," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी मी गेलो.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, धुराने काळी झालेली. तिथे म्हाताऱ्याखेरीज आणखी दोघं होते. एक टांगेवाले, भद्रकालीकडचे, त्यांना सगळे चाचा म्हणत. दुसरे रामकुंडावरचे भटजी. यात्रेकरूंना गंगेच्या पाण्याचे संकल्प सांगणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे शपथ घ्यायला ते सभेला जात नसत. घरचीच वस्तू बाहेरून कशाला आणायची, असं ते म्हणत. म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. मीही म्हणू लागलो.

रीत साधी होती. मामांनी प्रत्येकाला अंघोळीच्या पाण्याचं एक तांब्याचं घंगाळ दिलेलं होतं, विकायला न चालणारं, कुठे पत्रा पातळ झालेला, कुठे काठ वाकडा. तांब्याच्या भांड्यावर जे बारीक चकचकीत ठोके दिसतात त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेचं नसतं. त्याने पत्रा घट्ट होतो. संध्याकाळी येऊन प्रत्येकाने आपल्या घंगाळावर ठोक्यांची एक ओळ घालायची, तळापासून काठाकडे एकावर एक, दिवसाला एकच. ओळ पुरी गोल फिरून जिथे सुरू झाली तिथे मिळाली पाहिजे. अर्ध्यात उठायचं नाही, कारण अर्धी सोडलेली ओळ दुसऱ्या दिवशी जुळत नाही. नवशिक्याला एका ओळीला तासाच्या वर लागे, आणि तेवढ्यात गुत्त्याची ऐन वेळ टळून जाई. जो दिवस चुकला त्या दिवसाची ओळ कोरी. ती मागाहून भरायची नाही. काल प्यालात का, असं कोणी कोणाला विचारत नसे. घंगाळ पाहिलं की झालं.

"आणि घंगाळ भरलं की?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"भट्टीत घालायचं," मामा म्हणाले. "पत्रा मऊ करायचा, ठोके सपाट करायचे, पुन्यांदा तळापासून."

"म्हणजे हे कधी संपतच नाही?"

"मास्तर इंग्रजी शिकवतात," भटजी चाचांना म्हणाले. "लवकर कळलं त्यांना."

माझ्या पहिल्या ओळीकडे पाहून चाचा म्हणाले, "मास्टरसाब, ये क्या है? बकरी चालून गेली काय भांड्यावर?" ओळ जिथे सुरू झाली होती तिथून दोन बोटं वर जाऊन संपली होती. मला माझा मित्र आठवला. त्याने डोळे मिटून घातली असती.

निघायचं ते सगळ्यांनी एकत्र, चाचांच्या टांग्यातून. एकेकाला दारात सोडायचं. टांगा गुत्त्याच्या रस्त्याने न्यायचा नाही, कारण घोडा तिथे आपोआप थांबत असे. "दारू मी सोडली," चाचा म्हणत, "पण घोडा ऐकत नाही. त्याने कुठे शपथ घेतली?"

चार हातोड्या एका खोलीत चालू झाल्या की काही म्हणजे काही ऐकू येत नसे. "आलोच" येत नसे. न पिता तो आवाज थांबण्याची ती पहिलीच वेळ, आणि पहिल्या संध्याकाळी मी त्या गदारोळात अक्षरशः डुलक्या घेतल्या. थोड्याच दिवसांत मला आणखी एक गोष्ट कळली. ठोकता ठोकता चाचांचे ओठ हलत असत. भटजींचेही हलत. आधी मला वाटलं की एक नमाजातलं काही म्हणतो आहे आणि दुसरा स्तोत्र. मग एकदा चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसलं. मी चाचांना टांग्यात विचारलं.

"बोलून टाकायचं," ते म्हणाले. "वहाँ कौन सुनता है? माझा पयला घोडा माझ्या नशेपायी नाल्यात गेला, पाय मोडून. मी रोज त्याची माफी मागतो. घरी मागितली तर बीबी हकीमाला बोलावंल."

मग मीही बोलू लागलो. मी घंगाळाला सांगितलं की आम्ही गुत्त्याच्या दारात वेगळे झालो नव्हतो. तो पायरीवर बसला होता, मी त्याला पाहत होतो, तो आलोच म्हणाला आणि मी पुढे गेलो. हे मी रोज सांगत असे, ठोक्याला एक शब्द असं. कोणालाच ऐकू जात नाही या खात्रीने माणूस जितकं खरं बोलतो तितकं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही, आणि सभा मी पुष्कळ ऐकल्या आहेत.

मामा नेहमी आमच्यासमोर बसत. कंदील ते कामावर न ठेवता आमच्या तोंडासमोर टांगत. मी एकदोनदा खाली ठेवला तर त्यांनी उचलून पुन्हा वर टांगला. म्हातारपणाचा हट्ट, असं मला वाटे.

हातोड्या थांबल्या की कान भणभणत, आणि ती भणभण ओसरताच आवाज यायचाच, घाटाच्या दिशेने. टांग्यात मी चाचांना चिकटून बसत असे. त्यांनी कधी कारण विचारलं नाही. माझ्या घंगाळावर तोवर दोन ओळी कोऱ्या गेल्या होत्या. शाळेत हात थोडा स्थिर झाला होता; पानिपत निदान जमीन वाटू लागलं होतं.

अशात एका संध्याकाळी भटजी उशिरा आले, दिवे लागल्यावर. त्या दिवशी घाटावर मोठी यात्रा होती. नेहमी ते आल्या आल्या कोणाची तरी थट्टा करीत. त्या दिवशी बसले आणि भराभर ठोकू लागले. त्यांचे ठोके एकावर एक पडत होते. ओळ कशीबशी मिळवून ते उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकले.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, "मी आलोच."

माझी हातोडी सुटली नाही, पण उतरली ती अशी की पत्रा चिरला. भटजी दाराबाहेर गेले होते. माझी ओळ अर्धी झाली होती. मी तिच्याकडे पाहत बसलो. अर्ध्यात उठायचं नाही. मला खरोखरच वाटलं की आधी ओळ पुरी करावी आणि मग जावं. नियम पाळण्यासारखं सोपं निमित्त दुसरं नाही.

समोरून मामांनी हात वर केला. चाचांची हातोडी थांबली. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

"मास्तर," मामा म्हणाले, मोठ्याने, "ओळ ऱ्हाऊ द्या. उठा. ह्या खेपंला पुढं होऊ नका."

मी त्यांच्याकडे पाहिलं. विचारायला वेळ नव्हता. मी चपला न घालताच धावलो.

भटजी गल्लीच्या तोंडाशी भेटले. माझी पावलं ऐकून ते थांबले. "मास्तर, कशाला येताय? मी लघवीला चाललोय."

"मीही."

"तुम्हाला लागलीय?"

"नाही."

ते चालू लागले, मी बरोबर चालू लागलो. घाट दिसू लागला तेव्हा ते म्हणाले, "निदान आधी लघवीलाच."

ती खरोखरच उरकून ते पायऱ्यांवर बसले. ती कोणाची पायरी ते त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मीही तिच्यावर बसलो. पाण्यापलीकडे, पंचवटीच्या टोकाला, गुत्त्याचा कंदील दिसत होता.

"आज एका बाईने मुलाचं पिंडदान केलं," ते म्हणाले. "दारूनेच गेलेला. मंत्र मी सांगितले. तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं हो." मग पलीकडच्या कंदिलाकडे पाहत म्हणाले, "तो दिवा जाईपर्यंत बसाल का?"

"बसतो."

पाणी पायरीला लागत होतं आणि सुटत होतं. मग "आलोच" आलं, पायरीच्या खालून, शेवटचं अक्षर किंचित लांबवलेलं. तिथे हातोडी नव्हती आणि उठता येत नव्हतं. इतक्या महिन्यांत मी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणालो, "मी थांबलोय."

"दिसतंय ते," भटजी म्हणाले.

गुत्त्याचा दिवा गेला तेव्हा घाटाच्या वर चाचांचा टांगा उभा होता. "अरे चला की!" ते ओरडले. "तुमचं ठीक आहे, घोड्याला थंडी वाजते!"

दुसऱ्या दिवशी मी सर्वांच्या आधी कारखान्यात गेलो. मामा भट्टी पेटवत होते. मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, "मामा, तुम्हाला कसं कळलं?" ते पेटवतच राहिले. मी पुन्हा विचारलं. मग पुढे जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"चाळीस वर्सं ठोकतोय मास्तर. कान कवाच गेले. आमच्या आळीतली म्हातारी समदी त्वांडाकडं बघूनच ऐकत्यात."

मला सभेतल्या मिशा आठवल्या. मग कंदील आठवला. मग मी रोज ठोक्याला एक शब्द असं काय काय बोललो होतो ते आठवलं.

"म्हणजे सगळं?"

"समदं. तुमचं, भटजीचं, चाचाचं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला कुठं सांगत होतात? घंगाळाला सांगत होतात. मदी कशाला बोलू?"

चाचा आले तेव्हा त्यांना हे कळलं. ते दारातच उभे राहिले. "मतलब मी घोड्यासाठी इतका रडलो ते तुम्ही बघत बसला?"

"लय चांगलं रडता," मामा म्हणाले.

त्या रविवारी मी माझ्या मित्राच्या आईकडे गेलो. एका माणसाला ठाऊक असूनही आभाळ कोसळलेलं नव्हतं, तेव्हा दुसऱ्याला सांगायला हरकत नव्हती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. तिथे हातोड्या नव्हत्या, त्यामुळे माझा आवाज मला फार मोठा वाटला. तिने ऐकून घेतलं, उठून चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच विचारलं, "मफलर होता का त्याच्या गळ्यात?"

"नव्हता."

"मी सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली.

मी तिथे गेलो की तिने हाकलून द्यावं किंवा क्षमा करावी, असं काहीतरी मी मनात धरलं होतं. तिने यातलं काही केलं नाही. चहात साखर जास्त पडली होती.

भटजी त्यानंतर दीड वर्षाने गेले. पोट फुगून, घरच्या खाटेवर. त्यांच्या शेवटच्या घंगाळावर भरलेल्या ओळींपेक्षा कोऱ्या जास्त होत्या, पण मामांनी ते भट्टीत घातलं नाही, बरेच दिवस तसंच ठेवलं. मंडळाच्या वार्षिक सभेत रावसाहेबांनी ज्यांना व्यसनमुक्त झालेले म्हणून जाहीर केलं त्यांत माझं नाव होतं. मी शपथ घेतली त्या दिवसापासून, असं ते म्हणाले. शपथपत्राची चौकट सागाची निघाली. तिच्यात आता आगगाड्यांचं वेळापत्रक आहे.

आवाज अजून येतो. रोज येत नाही. थंडीत येतो, दिवेलागणीला. मी खिडकीपाशी असलो तर म्हणतो, "थांबलोय." बायको आता दूधवाल्याचं नाव घेत नाही.

माझं त्या वेळचं घंगाळ चिरलेलं असल्याने पुन्हा भट्टीत घालता येईना, म्हणून मामांनी ते मला देऊन टाकलं. ते न्हाणीघरात आहे. दोन ओळी कोऱ्या, त्यांच्या खालीवर बऱ्याच वेड्यावाकड्या, आणि सर्वांत वर ती अर्धी. मामा म्हणाले होते, चिरेला डाक लावून सांधून देतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. काही गोष्टी बुजवू नयेत, असं मी त्यांना समजावून सांगितलं, आणि त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून ते ऐकून घेतलं.

त्या चिरेतून पाणी गळतं. बायकोने खाली बादली ठेवली आहे.